माझी चूक पळवू नकोस

आमच्या सरांच्या टेबलावर संगणक नव्हता. सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या माणसाचं असं टेबल पाहून नवं गिऱ्हाईक बावचळून जायचं. संगणक होता, पण कोपऱ्यात, स्टुलावर, शिवणयंत्रावर घालतात तसलं फुलाफुलांचं कापड पांघरून बसलेला. टेबलावर कोरे कागद, शिसपेन्सिली आणि फुटाण्यांचा डबा. कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, "सुताराच्या जेवणाच्या ताटात करवत असते का?"

त्या काळात पुण्यात ज्याला त्याला संगणक हवा होता. दर दुसऱ्या गल्लीत संगणकाचे क्लास निघाले होते, आणि शेजाऱ्याचा मुलगा अमेरिकेला गेला की बाकीच्या घरांतली जेवणं बेचव व्हायची. अशात एका मंगल कार्यालयाचे मालक आमच्याकडे आले. त्यांना सगळं संगणकावर घ्यायचं होतं.

"कशासाठी?" सरांनी विचारलं.

"म्हणजे काय, सगळेच घेतायत."

"मग त्या सगळ्यांना विचारा कशासाठी, आणि मलाही कळवा. मी बरीच वर्षं शोधतोय."

मालक गेले ते गेलेच. मी नोकरीला नवा होतो. गिऱ्हाईक हातचं गेलं याचं मलाच वाईट वाटलं आणि मी सरांना सॉरी म्हणालो. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू का? तू तर पाणी आणून दिलंस त्यांना."

माझा स्वभावच तसा आहे, अजूनही. मी मूळचा यवतमाळकडचा. शाळेत कुणाची पेन्सिल हरवली की माझे कान लाल व्हायचे, आणि गुरुजी पहिला हात माझ्या दप्तराला घालायचे. पुण्यात विश्रांतवाडीला एका खोलीत भाड्यानं राहायचो. घरमालकाच्या नळाला पाणी आलं नाही तरी मला वाटायचं, आपणच जास्त वापरलं असेल. सरांना या स्वभावाची मौज वाटायची, आणि माझ्या बोलीचीही. "काम करून राहिलो" असं माझ्या तोंडून गेलं की म्हणायचे, "तुमच्याकडे करून राहतात. इथं करून मोकळं व्हायचं असतं."

सर चिडले की आवाज चढवायचे नाहीत, माणसाला बढती द्यायचे. एरवी मी 'अरे', 'तू'. संतापले की 'आपण'. "आपण हे तपासलं होतंत का?" असं ऐकू आलं की सगळं ऑफिस आपापल्या पडद्यात तोंड खुपसायचं. खूश झाले की डबा पुढे करायचे. मूठभर फुटाणे म्हणजे शाबासकी. तोंडी शाबासकी मी त्यांच्याकडून कधी ऐकली नाही.

'सिस्टीम' हा शब्द त्यांना चालत नसे. "यंत्र विकत मिळतं. व्यवस्था विकत मिळत नाही. आपल्याकडे लोक यंत्र आणतात आणि व्यवस्था झाली म्हणून पेढे वाटतात." एका दवाखान्याच्या व्यवस्थापकांना रुग्णांचे नंबर दाखवणारा मोठा पडदा हवा होता. सर तिथं अर्धा दिवस बाकावर बसून आले आणि म्हणाले, "तुम्हाला पडदा नको, घंटा घ्या. तुमचे निम्मे रुग्ण डोळ्यांत औषध घालून बसलेत." दवाखाना डोळ्यांचा होता.

अशा माणसाची कंपनी चालायची कशी, हा प्रश्न त्यांच्या पत्नीलाही पडायचा. त्या कधीमधी ऑफिसात यायच्या आणि आम्हाला विचारायच्या, "काय रे, या आठवड्यात कुणाला नको म्हणाले?"

रुग्णवाहिकेचं काम आमच्याकडे आलं तेव्हा म्हणूनच सगळ्यांना हायसं वाटलं. शहरातल्या एका विश्वस्त संस्थेची रुग्णवाहिका सेवा होती. फोन करायचा, गाडी यायची. परदेशातल्या एका देणगीदारानं संस्थेला संगणक दिले होते आणि ते आता खोक्यांतून बाहेर काढावेत, असं अध्यक्षांना वाटू लागलं होतं. अध्यक्ष म्हणजे एका कारखान्यातून वरच्या पदावरून निवृत्त झालेले, नीटनेटके, इस्त्रीचे गृहस्थ. त्यांनी आमच्या हाती एक मसुदा दिला. फोन आला की पडद्यावर काय काय भरून घ्यायचं ते त्यात होतं. शेवटी देणगीदारांना दरमहा पाठवायचा रंगीत तक्ता आपोआप निघायला हवा होता.

पहिल्याच बैठकीत सरांनी विचारलं, "आपली संस्था कशासाठी आहे?"

अध्यक्ष म्हणाले, "रुग्णसेवेसाठी. बाहेर पाटी आहे."

"पाटी वाचली. पण तुम्ही फोन करणाऱ्याला आधी रुग्णाचं नाव विचारताय, मग वय, शिक्षण, मासिक उत्पन्न. ही रुग्णसेवा आहे की स्थळ बघताय?"

एक विश्वस्त हसले आणि मग अध्यक्षांकडे पाहून खोकले. अध्यक्ष म्हणाले, "अहो, ही माहिती लागते. देणगीदार विचारतात."

"देणगीदारांच्या छातीत कळ आली तर ते स्वतःचं उत्पन्न आधी सांगतील का पत्ता?"

तासभर असंच चाललं. अध्यक्षांना हवा होता तक्ता, सरांना हवी होती गाडी. शेवटी ठरलं की तक्त्याची माहिती गाडी रुग्णाला सोडून परत आल्यावर भरायची. फोन आल्यावर पडद्यावर एकच चौकोन येईल, आणि वर लिहिलेलं असेल: कुठे?

"एवढा खर्च करून एकच प्रश्न?" अध्यक्ष म्हणाले.

"अडतं त्या एकावरच."

सरांचं म्हणणं साधं होतं. फोन मध्येच तुटू शकतो, माणूस मध्येच कोसळू शकतो. 'काय झालंय' हे कळलं आणि 'कुठे' हे कळलं नाही तर ते कळणं फुकट. उलट झालं तर निदान गाडी पोचते. फोनच्या खोलीच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांना सरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही आजवर काय पंचांग सांगत होतो? आधी पत्ताच विचारतो." सरांनी त्यांच्यापुढे फुटाण्यांचा डबा धरला. संस्थेतल्या माणसापुढे तो डबा गेलेला मी त्या एकदाच पाहिला.

मग ठिकाणांची यादी करायची होती. पुण्यात पत्ता हा घराचा नसतो, जवळच्या कशाचा तरी असतो. अमक्या मारुतीच्या मागे, तमक्या बेकरीसमोर, बंद पडलेल्या थिएटरच्या बोळात. ताई आणि त्यांच्या सहकारी बायकांनी अशी सगळी नावं आम्हाला लिहून दिली, आणि कुठल्या नावाला कुठली गाडी जवळ हेही. ती यादी संगणकात घालण्याचं काम माझं.

त्या यादीत 'जुना जकात नाका' पुन्हा पुन्हा आला होता. मी सरांना दाखवलं. "हे नाव बरेचदा आलंय. ताईंना विचारू का?"

सर घाईत होते. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणेही ठरले होते. ते म्हणाले, "यात काय विचारायचंय? चार बायकांनी चार वेळा लिहिलंय, जिला जी गाडी आठवली ती. एका ठिकाणाला एकच नाव, एका नावाला एकच ठिकाण. एक ठेव, बाकीचे काढ."

यादीत पहिल्या नोंदीपुढे विश्रांतवाडीची गाडी होती, म्हणजे आळंदी रस्त्यावरचा नाका. मी रोज त्याच्यावरून यायचो. माझ्यापुरता जुना जकात नाका तोच होता. तो राहिला.

सर पेठेत वाढलेले. त्यांच्या लेखी शहराच्या वेशीवर नाके असतात, एवढं पुरेसं होतं. पण शहर वाढलं तशी वेस पुढे सरकली होती, आणि वेस सरकली की नाकाही उचलून पुढे न्यायचे. मागे राहायची ती नुसती जागा, आणि तिला लोक म्हणायचे जुना नाका. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर असा एक होता. हे पुण्यात कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. दिसेल त्याला 'कशासाठी' विचारणाऱ्या माणसानं नेमकं तिथं विचारलं नाही.

उद्घाटनाच्या आधी काही दिवस ताईंच्या खोलीत यंत्रावर प्रत्यक्ष काम सुरू झालं. मी आणि सर मागे खुर्च्या टाकून बसायचो. एका दुपारी फोन आला. ताईंच्या शेजारच्या मुलीनं उचलला, विचारलं, "कुठे?" पलीकडून उत्तर आलं, तिनं पहिली दोन अक्षरं टाइप केली, पडद्यावर नाव उमटलं आणि त्याखाली सर्वांत जवळची गाडी. "गाडी निघाली," ती म्हणाली. इतक्या लवकर त्या खोलीतून गाडी कधीच निघाली नव्हती. ताई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "बरं आहे हो तुमचं." सरांनी पाय लांब केले.

थोड्या वेळानं चालकानं कळवलं की नाक्यावर कुणीच भेटत नाही. मग तोच फोन पुन्हा आला. या वेळी पलीकडचा मुलगा ओरडत होता. ताईंनी रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतला आणि दोनच शब्द विचारले, "नगर रोड?" आणि उत्तर ऐकून डोळे मिटले.

तो नगर रस्त्यावरच्या खराडीकडचा होता. त्याचे वडील मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे आडते. दुसरी गाडी पोचेपर्यंत मुलानं वडिलांना मालाच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. ते वाचले. पण हृदयाचा काही भाग निकामी झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आता यार्ड विसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वस्तांची बैठक बसली. अध्यक्षांनी विचारलं, "हे कसं झालं?"

कुणी काही बोलायच्या आत मी उभा राहिलो. "सॉरी सर. यादी मी भरली होती. माझ्या हातून झालं." मला खरंच तसं वाटत होतं. रात्रभर दुसरं काही वाटलंच नव्हतं.

खोलीत सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. अध्यक्षांचा आवाजही मऊ झाला. "ठीक आहे. तरुण मुलगा आहे, प्रामाणिकपणे कबूल केलं. तेवढं नाव दुरुस्त करून टाका. त्या कुटुंबाकडे कुणीतरी फुलं घेऊन जा. उद्घाटन ठरल्याप्रमाणे."

"आपण खाली बसा," सर मला म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळले. "यानं तुम्हाला आत्ता जे दिलं ते त्याचं नाही. तो विचारू का म्हणत होता, मी नको म्हणालो. चूक माझी आहे. आणि मी अशी नावं आणखी किती काढायला लावली ते मला आज सांगता येणार नाही. ते कळेपर्यंत हे चालू करायचं नाही. ताईंनी आजपासून पुन्हा कागदावर काम करावं."

"अहो, पत्रिका गेल्यात. पाहुण्यांना काय सांगू?"

"खरं सांगा. ते जमत नसेल तर तुम्हीच आजारी आहात असं सांगा. आपली गाडी बोलावू नका म्हणजे झालं."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी टेबलावरचे कागद सारखे केले. ते एरवीसारखे ताठ नव्हते, थकलेले दिसत होते. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस वाईट नाही. त्यालाही संस्था चालवायची होती आणि तक्त्याशिवाय ती चालली नसती. ते म्हणाले, "हे काम पूर्ण करून द्या. त्यानंतर मात्र आपली गाठ पडू नये, अशी माझी इच्छा आहे."

"माझीही," सर म्हणाले. "चहा तेवढा बरा असतो तुमच्याकडे."

बाहेर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता आभार मानतील किंवा पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "पुन्हा माझी चूक पळवू नकोस."

मी म्हणालो, "सर, मला खरंच वाटलं की..."

"तुला वाटतं. तुला नेहमीच वाटतं. तू ती घेतलीस म्हणून आत सगळे सुटले, बघितलंस ना? मीसुद्धा क्षणभर सुटलो. आणि ती पडून राहिली असती तुझ्याकडे. तू जेवला नसतास, झोपला नसतास, पण दुरुस्त काय करणार? ती कशी झाली ते तुला कुठे माहीत आहे? ते मला माहीत आहे. निदान थोडं माहीत आहे." मग दोन पायऱ्या उतरून ते परत वर आले. "अपराधी वाटण्याला फार वेळ लागतो रे. आपल्याकडे तेवढा नाही."

एवढं कठोर मला आयुष्यात कुणी बोललेलं नाही, आणि एवढं उपयोगाचंही. तरी स्वभाव गेला नाही. आता मी खराडीतच एका काचेच्या इमारतीत बसतो, हाताखाली माणसं आहेत, आणि बैठकीत काही बिघडल्याचं कळलं की ओठांवर पहिला शब्द 'सॉरी' येतो. फरक इतकाच की तो उच्चारण्याआधी मी स्वतःला विचारतो, यातलं माझं नेमकं किती? बहुतेक वेळा ते मला वाटतं त्याहून कमी असतं. कधीकधी मात्र अगदी वेगळ्याच ठिकाणी असतं, जिथं मी पाहिलंच नव्हतं.

सरांची कंपनी पुढे हळूहळू आटत गेली. स्वतःचंच उद्घाटन रद्द करणारा माणूस, अशी ख्याती झाली. त्यांना ती आवडायची. मी त्यांना सोडून मोठ्या कंपनीत गेलो तेव्हा म्हणाले, "जा. तिथं कशासाठी हे विचारू नकोस लगेच, नोकरी पक्की होऊ दे." रुग्णवाहिकेची व्यवस्था काही महिन्यांनी सुरू झाली, नारळ न फोडता. अध्यक्षांनी सही केली, चहा दिला, आणि दोघांनी आपला शब्द पाळला. पुन्हा भेटले नाहीत.

हे सगळं नंतरचं. सर म्हटलं की मला आठवतं ते त्या आडत्यांचं घर.

बैठकीनंतर काही दिवसांनी आम्ही सरांच्या स्कूटरवरून तिथं गेलो. आडते घरी आले होते, पलंगावर उशीला टेकून बसले होते. मोठ्या हाडाचा माणूस, पण गळ्याजवळचं कातडं सैल पडलेलं. मुलगा दारातच उभा राहिला. सरांनी कोण ते सांगितलं.

आडते म्हणाले, "माफी मागाया आला असाल तर चपला काढू नका. यार्डात समद्याला भाव येतो, माफीला येत न्हाई."

"माफीचं नंतर बघू," सर म्हणाले. "मला तुमच्या मुलाला विचारायचंय, त्या दिवशी फोनवर नेमकं काय बोलणं झालं."

मुलगा म्हणाला, "कशाला? आता आमच्यावर ढकलाया?"

"नाही. चूक माझी आहे, तसं मी संस्थेला लिहून दिलंय. पण ती कुठल्या क्षणी झाली ते मला दिसत नाहीये. त्या क्षणी फोनवर तुम्ही होतात."

मुलानं वडिलांकडे पाहिलं. आडत्यांनी हनुवटी जरा हलवली.

"त्यांनी विचारलं, कुठं. मी म्हनलो, जुन्या जकात नाक्याजवळ. लगेच म्हनल्या, गाडी निघाली."

"कोणता नाका, असं विचारलं नाही?"

"न्हाई. मागं आईच्या वक्ताला फोन केलेला तवा इचारलं होतं. नगर रोडचा का आळंदी रोडचा. ह्या टायमाला इचारलंच न्हाई. मला वाटलं, सुधारना झाली."

 सरांचा हात पेन्सिलीसाठी खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे आधी त्या बायका विचारत होत्या. नाव पडद्यावर आलं म्हणून थांबल्या. मी त्यांचा प्रश्नच काढून घेतला." पुढे ते यंत्र, एका नावाची दोन ठिकाणं सापडली की गाडी न दाखवता उलट विचारायला लागलं, ते या वाक्यावरून. पण त्या वेळी सर सुटल्यासारखे नाही, पकडले गेल्यासारखे दिसत होते.

आडते म्हणाले, "पुन्हा असं व्हनार न्हाई, लिहून देता?"

माझ्या मनात आलं, द्या हो लिहून. एवढं तरी द्या त्यांना.

"हेच पुन्हा होणार नाही, एवढं देतो," सर म्हणाले. "दुसरं काहीतरी होईल. ते काय, ते मला आज माहीत नाही. झालं की मी येईन, असाच."

"लई कमी देताय."

"आहे तेवढंच देतोय."

आडत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. माल हातात घेऊन बघणाऱ्याची नजर होती ती. मग आत वळून म्हणाले, "सूनबाई, च्या ठेव." आणि मला, "तुमी काय हुबं? बसा की."

आम्ही बसलो. आडत्यांनी श्वास घेतला आणि बोलायला लागले. "लिहून घ्या. पहिलं म्हंजी हितं नाका न्हाईच. पाडला कवाच. मोटारींचं दुकान हाय तिथं, काचंचं. पर त्या दुकानाचं नाव गावात कुनाला घेता येत न्हाई. नाकाच म्हनत्यात. माझा नातूबी नाकाच म्हनतो, त्यानं तो बघितलेला न्हाई."

सरांनी पेन्सिल काढली. "आणखी कुठे असं आहे?"

"आमचे टेम्पो समद्या पुन्यात जात्यात. सांगतो." ते एकेक सांगू लागले. कुठं नाका उरलाय आणि कुठं नुसतं नाव, कुठल्या चौकाला दोन बाजूंची माणसं दोन नावं ठेवतात. सर लिहीत होते. मध्येच त्यांना नीट कळलं नाही की विचारत होते, आणि आडते रागानं पुन्हा सांगत होते. चहा आला, निवला. आडत्यांना दम लागायला लागला तशी सून आतून आली आणि म्हणाली, "मामा, पुरं झालं आता. डाक्टरनी बोलू नका म्हनलंय."

आडत्यांनी हात वर केला. "थांब गं. सोलापूर रोडचा ऱ्हायलाय."